पालकसभेहून परततांना



आषाढांत तुकोबांची पालखी अकलुजास येते, सदाशिवराव माने विद्यालयाच्या पटांगणावर गोल रिंगण होतें, आणि ती गर्दी पांगली कीं गांवांतील शाळांत अभ्यासाला खरा रंग चढतो. मग चांचण्या, आणि चांचण्यांच्या मागोमाग पालकसभेची चिठ्ठी. हल्लीं बहुधा मोबाईलवरचा निरोप.

सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमानें शिक्षकांवर असें कर्तव्य घातलें आहे कीं, त्यांनीं पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिति, शिकण्याची क्षमता आणि प्रगति त्यांना सांगावी. कायदा शाळेच्या फाटकापाशीं थांबतो. तेथून घरापर्यंतची वाट पालकांची.

त्या वाटेवर काय होतें? बाईंनीं तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: अक्षर वळणदार आहे, मैत्रिणींना समजावून सांगते, गणितांत मात्र मागें पडते. घर येईपर्यंत पहिल्या दोन गळून जातात आणि तिसरी तेवढी उरते. दारांत उभी असलेली मुलगी आधीं आपला चेहरा वाचते. बाई काय म्हणाल्या, हें विचारण्याचें धैर्य तिला होत नाहीं. ‘गणितांत मागें’ हे शब्द कानीं पडले कीं तें आपलें नांवच असें ती धरून चालते, आणि वर्गांत हात वर करणें सोडून देते.

मागें म्हणजे नेमकें कोठें, हें पाहिल्यावांचून शिकवणी लावणें मला अनाठायीं वाटतें. वही उघडावी. आपल्या भागांतलेंच उदाहरण घ्या: एकेका बैलगाडींत ४५ मोळ्या ऊस, तर ६ गाड्यांत किती? मुलगी लिहिते, ५१. वडील कपाळास हात लावतात. परंतु तिलाच ‘४५ गुणिले ६’ असें मांडून द्या. ती २७० बिनचूक काढते. म्हणजे गुणाकार तिला येतो. अडलें आहे तें वाचनांत. ‘एकेका’ या शब्दाचा अर्थ तिच्या मनांत उभा राहिलेला नाहीं. अशा मुलीकडून रोज वीस गुणाकार करवून घेणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!

त्यापेक्षां रोज एकच उदाहरण घ्यावें. तिनें तें मोठ्यानें वाचावें, आपल्या शब्दांत सांगावें, हवें तर खडूनें फरशीवर गाड्या काढाव्यात. आंकडेमोड सर्वांत शेवटीं. हें आईनेंच करावें असें नाहीं. आजोबा, थोरली बहीण, कोणीहि चालेल. घड्याळाकडे पाहणारा माणूस मात्र नको. दहा मिनिटें पुरतात.

पुढच्या सभेची वाट न पाहतां, पंधरा दिवसांनीं शाळा सुटण्याच्या वेळीं ती वही घेऊन बाईंना भेटावें. तींत मोठ्यांच्या हातानें दुरुस्त केलेलें एकहि उदाहरण नसावें. खाडाखोड आहे तशी राहूं द्यावी. बाईंना तीच पाहावयाची असते.