बाटलीतील पत्र आणि काठावरची नोंदवही

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आदिलाबादसारख्या गावी, जिथून दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहेत, तिथे समुद्रात सोडलेल्या बाटल्यांवर व्याख्यान ठेवावे हे प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याजोगे आहे. परंतु नकाशा समोर घेतला की या विचित्रपणाची धार बरीच बोथट होते. उत्तरेची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता कालेश्वरमला गोदावरीत विलीन होते. दक्षिणेच्या अंगाने तर खुद्द गोदावरीच वाहते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात पडलेला पावसाचा थेंब, वाटेत जिरला नाही तर, अखेर बंगालच्या उपसागराचाच असतो. त्याच गोदेच्या काठी बासरला सरस्वतीचे देवस्थान आहे आणि नांदेड-परभणीकडील कितीतरी मराठी घरांतील मुलांनी आपले पहिले अक्षर तिथे गिरवलेले आहे. अक्षर आणि प्रवाह यांची गाठ या भूमीत पूर्वीपासून पडलेली आहे.

बाटलीत चिठ्ठी घालून ती समुद्रात सोडण्याची कल्पना अनेकांना केवळ कादंबरीतली वाटते. बुडत्या गलबतावरचा खलाशी, निर्जन बेट, मेणाने बंद केलेले बूच हे चित्र वाचकांच्या मनावर ठसलेले आहे आणि त्याला इतिहासाचा थोडा आधारही आहे. इ. स. 1493 च्या फेब्रुवारीत कोलंबस आपल्या पहिल्या सफरीवरून परतत असता वादळात सापडला. आपण बुडालो तर आपला शोधही बुडेल, या भयाने त्याने सफरीचा वृत्तान्त चर्मपत्रावर लिहिला, तो मेणकापडात गुंडाळून एका पिंपात घातला आणि ते पिंप समुद्राच्या स्वाधीन केले. कोलंबस वाचला, पिंप मात्र पुढे कधीच मिळाले नाही. लिहिणाऱ्याने आपले काम केले होते. पलीकडच्या काठावर ते उचलून घेणारे कोणी नव्हते, किंवा असले तरी त्यांनी उचलले नाही.

बाटल्यांच्या खऱ्या इतिहासात मात्र संकटात सापडलेल्या खलाशांपेक्षा शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली तरी समुद्रातील प्रवाह कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहतात याचे ज्ञान तुटपुंजे होते. ते मिळवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर काहीतरी सोडून ते कुठे लागते ते पाहणे. जर्मनीने 1864 ते 1933 या काळात असा उपक्रम चालविला. जर्मन जहाजांचे कप्तान ठरावीक नमुन्याचा छापील कागद घेत, त्यावर दिनांक, जहाजाचे नाव आणि अक्षांश-रेखांश भरत, कागद बाटलीत घालून ती समुद्रात सोडत आणि त्याची नोंद जहाजाच्या रोजनाम्यात करीत. ज्याला बाटली सापडेल त्याने सापडल्याचे ठिकाण व तारीख लिहून तो कागद हॅम्बुर्ग येथील वेधशाळेकडे अथवा जवळच्या जर्मन वकिलातीकडे पाठवावा, अशी विनंती त्यावर छापलेली असे. अशा हजारो बाटल्या सोडल्या गेल्या. परत आलेले कागद 662.

या उपक्रमातली एक बाटली 2018 च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियातील वेज आयलंडजवळच्या वाळूत सापडली. बाटली जुन्या घडणीची, जाड काचेची, डच मद्याची होती. बूच नाहीसे झालेले होते. आत दोऱ्याने बांधलेली, दमट झालेली कागदाची सुरळी होती. ती वाळवून उलगडली तेव्हा जर्मन भाषेतील छापील मजकूर आणि फिकट झालेले हस्ताक्षर दिसले. दिनांक होता 12 जून 1886 आणि जहाजाचे नाव होते ‘पाउला’. हे जहाज वेल्समधील कार्डिफहून आजच्या इंडोनेशियातील मकासरकडे निघालेले होते आणि हिंदी महासागरात असताना त्याच्या कप्तानाने ती बाटली सोडली होती.

एवढ्यावर कोणी विश्वास ठेवावा असे नव्हते. जुन्या बाटलीत जुन्यासारखा दिसणारा कागद घालणे फारसे अवघड नाही. म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञांनी जर्मनी व नेदरलँड्समधील संस्थांशी संपर्क साधला. शोध घेता जर्मन दप्तरात ‘पाउला’ जहाजाचा हवामानविषयक रोजनामा जसाच्या तसा सापडला. त्यात 12 जून 1886 या दिवसापुढे बाटली समुद्रात सोडल्याची नोंद कप्तानाच्या हाताने केलेली होती. अक्षांश-रेखांश जुळले, हस्ताक्षर जुळले आणि तेव्हाच ते पत्र खरे ठरले.

या घटनेतील दोन गोष्टी ग्रंथालयाच्या सभासदांनी विशेष ध्यानात घ्याव्यात अशा आहेत. पहिली अशी की, बाटलीतील पत्राला अर्थ दिला तो कपाटातील रोजनाम्याने. समुद्राने आपला अर्धा भाग राखला होता; पण काठावरचा दुसरा अर्धा भाग कोणा अनाम लेखनिकाने, दप्तरदाराने, ग्रंथपालाने सव्वाशेहून अधिक वर्षे सांभाळला नसता तर ती चिठ्ठी एक गमतीची वस्तू म्हणूनच राहिली असती. तो रोजनामा रद्दीत देण्याचे प्रसंग त्या काळात थोडे आले नसतील. जर्मनीने मधल्या काळात दोन महायुद्धे पाहिली.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. तज्ज्ञांच्या अनुमानाप्रमाणे ती बाटली सोडल्यापासून बहुधा वर्षभरातच किनाऱ्याला लागली आणि उरलेला सारा काळ तिथल्या वाळूत पुरून राहिली. म्हणजे जो विलंब झाला तो समुद्रामुळे नव्हे. समुद्राने आपले टपाल वेळेवर पोचवले होते. विलंब झाला तो काठावर, कारण तिच्याकडे वाकून पाहणारे कोणी नव्हते.

ग्रंथालयाच्या फडताळात पन्नास पन्नास वर्षे न उघडलेली पुस्तके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इंग्लंडमधील एक उदाहरण याला पूरक आहे. 1904 ते 1906 या वर्षांत जॉर्ज पार्कर बिडर या शास्त्रज्ञाने उत्तर समुद्रात हजाराहून अधिक बाटल्या सोडल्या. त्याने त्या अशा वजनाच्या केल्या होत्या की त्यांनी पृष्ठभागावर न तरंगता तळालगत सरकत जावे. पुष्कळशा बाटल्या मच्छीमारांच्या जाळ्यांतून वर आल्या आणि खोल पाण्यातील प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो असा निष्कर्ष त्यावरून निघाला. त्यांपैकी एक बाटली 2015 मध्ये जर्मनीच्या आमरुम बेटावर सापडली. ती 108 वर्षांहून अधिक काळ पाण्यात व किनाऱ्यावर राहिली होती. आतील कार्ड प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेकडे पाठवणाऱ्यास एक शिलिंग देऊ, असे वचन त्यावर छापलेले होते. शिलिंग हे नाणे तोवर चलनातून केव्हाच गेलेले होते. तरीही संस्थेने एक जुने शिलिंग मिळवले आणि आभारपत्रासह सापडवणाऱ्या महिलेकडे रवाना केले. शंभर वर्षांपूर्वी संस्थेच्या नावाने दिलेला शब्द आजच्या संस्थेला बांधून ठेवतो, ही जाणीव ज्या संस्थेत जिवंत असते तीच खरी संस्था. शताब्दी साजरी करणाऱ्यांनी या एका शिलिंगाचे मोल जरूर करावे.

मराठी मनाला पाण्याने परत दिलेल्या अक्षरांची कथा नवी नाही. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. श्रद्धेच्या जागी श्रद्धा आहेच. परंतु तिच्या शेजारी आणखी एक हकीकत उभी आहे. संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी अभंग लिहून ठेवले, वारकऱ्यांनी ते मुखोद्गत केले, देहू-पंढरपूरच्या वाटेवर ते गायिले गेले, हस्तलिखितांच्या नकला झाल्या आणि पुढे 1869 पासून मुंबई सरकारच्या साहाय्याने गाथा छापली गेली. नदीने वह्या परत दिल्या. त्या पुढच्या शतकांपर्यंत पोचविल्या त्या काठावरच्या माणसांनी.

याहून जवळचे उदाहरण महानुभावांचे आहे. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. मराठी गद्याचा आद्य ठेवा असलेले ‘लीळाचरित्र’ कित्येक शतके अशा बंद बुचाच्या बाटलीत राहिले. मठांतील साधूंनी पोथ्या सांभाळल्या, पण बाहेरच्यांना त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आणि पैनगंगेपलीकडच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमांनी ते बूच निघाले आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. इथेही पोथी होती म्हणून संशोधन झाले. पोथी जाळली, वाळवीला दिली किंवा गंगार्पण केली असती तर उत्तम संशोधकाच्याही हाती काही लागले नसते.

आता पुन्हा समुद्राकडे वळू या. आज कोणी हौसेने बाटली सोडण्याचे कारण उरलेले नाही. प्लास्टिकच्या कचऱ्याने समुद्र आधीच बेजार आहे. शिवाय आदिलाबादहून सोडलेल्या बाटलीला बंधारे, धरणे आणि धवळेश्वरमचा बराज ओलांडून खाडी गाठणे जवळजवळ अशक्य आहे. ती पोचलीच तर तिची दिशा महिन्यावर ठरेल. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह फाल्गुन-चैत्राच्या सुमारास उत्तरेकडे, ओडिशा-बंगालच्या बाजूला वाहतो. तर आश्विनानंतर मार्गशीर्षापर्यंत तो उलटून दक्षिणेकडे, श्रीलंकेच्या बाजूला जातो. वर्षातून दोनदा प्रवाहाने पाठ फिरवावी हे उत्तर हिंदी महासागराचे वैशिष्ट्य आहे आणि त्याचे कारण मोसमी वारे.

बाटलीची जागा आता उपकरणांनी घेतली आहे. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय योजनेत जगभरच्या महासागरांत सुमारे 4,000 तरंगती यंत्रे सोडलेली आहेत. असे यंत्र साधारणपणे 1,000 मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहते, दर दहा दिवसांनी 2,000 मीटरपर्यंत खाली जाते आणि वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजते. पृष्ठभागावर आले की ते आपली स्थिती आणि मोजमापे उपग्रहामार्फत कळविते आणि पुन्हा बुडी मारते. या योजनेत भारताच्या वतीने काम पाहणारी भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था 1999 मध्ये स्थापन झाली आणि ती कोणत्याही बंदरात नसून हैदराबादेत आहे. समुद्राची पत्रे आज दख्खनच्या पठारावर येऊन पडतात. समुद्रापासून दूर असणे ही पत्र वाचण्यातील अडचण नव्हे.

पत्र वाचणारा नसला तर काय होते, हे 26 डिसेंबर 2004 ला दिसले. सुमात्राजवळ समुद्रतळाशी भूकंप झाला. तिथून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा येण्यास दोन तासांहून अधिक अवधी होता. लाटेची वर्दी भूकंपाच्या रूपाने आधी पोचली होती. ती वाचून किनाऱ्यावरच्या माणसाला सांगणारी व्यवस्था हिंदी महासागरात त्या वेळी नव्हती. हजारो माणसे गेली. पुढे 2007 च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या याच केंद्रात त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू झाली.

श्रोतेहो, मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत हे सारे सांगण्याचे कारण आता उघड व्हावे. या जिल्ह्याने गेल्या शंभर वर्षांत सीमा बदलताना वारंवार पाहिल्या. निजामाचे राज्य गेले. 1956 मध्ये भाषावार पुनर्रचनेत जिल्हा आंध्र प्रदेशात आला, तर किनवट, राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. 2014 मध्ये तेलंगण राज्य झाले आणि 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. या सर्व उलथापालथीत बेला, जैनद, भैंसा, मुधोळ या बाजूची मराठी घरे जिथल्या तिथेच राहिली. त्यांच्या मुलांचे शिक्षण तेलुगूत वा इंग्रजीत होते, आणि त्यात वावगे काही नाही. राज्याची भाषा आत्मसात केलीच पाहिजे. पण आजोबांची रोजनिशी, आजीची ओव्यांची वही, घरातले जुने मासिकांचे गठ्ठे नातवाला वाचता येत नाहीत, हेही तितकेच खरे. घरोघरी अशा बाटल्या वाळूत रुतत चालल्या आहेत.

म्हणून अशा ग्रंथालयाकडून तीन अपेक्षा करणे गैर होणार नाही. पहिली, ग्रंथालयाची जुनी दाखलनोंद, देवघेवीची रजिस्टरे आणि सभांची इतिवृत्ते ही पुस्तकांइतकीच मोलाची मानावीत. कोणते पुस्तक कोणी दिले, कोणत्या वर्षी किती जणांनी वाचले, हा या भागातील मराठीचा रोजनामाच आहे आणि उद्याचा संशोधक तोच मागणार आहे. दुसरी, बाद करावयाच्या पुस्तकांची यादी वाचल्याशिवाय एकही गठ्ठा रद्दीत जाऊ नये. आणि ज्या घरांतील पुढची पिढी मराठी वाचत नाही, त्यांचे कागद नावनिशीवार टीप ठेवून ग्रंथालयाने स्वीकारावेत. तिसरी, मराठी बोलता येते पण वाचता येत नाही अशा मुलांसाठी आठवड्यातून एक तास वाचनाचा ठेवावा. देवनागरीची ओळख त्यांना हिंदीमुळे बहुधा असतेच. फक्त बसून वाचून घेणारे माणूस हवे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक कोरडी खोली, एक लोखंडी कपाट, एक नोंदवही आणि पाळीपाळीने येणारे चार सभासद एवढ्यावर हे काम उद्यापासून सुरू होऊ शकते. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी या ग्रंथालयाची पहिली पुस्तके आणली, त्यांना आजचा वाचक ठाऊक नव्हता. तरीही त्यांनी पहिल्या पानावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि वहीत ओळ लिहिली. ती ओळ आजही वाचता येते. पुढल्या शंभर वर्षांतही ती वाचणारे या वास्तूत येत राहोत, आणि त्यांना हवा असलेला कागद जागच्या जागी सापडो, ही सदिच्छा.