परदेशातील उन्हाळी कामाची पूर्वतयारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात धरणगाव येथे एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत काम व प्रवास करण्यासाठी परदेशी जावे काय, आणि जावयाचे असल्यास तयारी कोणती करावी, या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी आपल्या कार्यवाहांची आज्ञा झाली. मी केवळ मॅट्रिक झालेला, पस्तीस वर्षे शाळेत मुले शिकविलेला मनुष्य. परदेश मी नकाशावर छडीने दाखविला. डोळ्यांनी पाहिला नाही. मग मला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असे आपणांस वाटेल. माझा अधिकार एवढाच, की या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि ती आपल्या याच स्मरणिकेच्या पानावर छापली गेली आहे. आज तिची दुरुस्ती करावी या हेतूने मी उभा आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या धाकट्या बंधूंची कन्या अमेरिकेस गेली होती. ती पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. समुद्रकाठच्या एका गावी एका हॉटेलात तिने दहा आठवडे काम केले. काम कोणते? तर उतारूंनी सोडलेल्या खोल्या झाडणे, चादरी बदलणे आणि न्हाणीघर घासणे. जाण्यापूर्वी तिने हे घरात स्पष्ट सांगितले होते. तिच्या आजीला, म्हणजे आमच्या मातोश्रींना, आम्ही भीतभीत सांगितले, तर त्या आपल्या धुळ्याकडच्या माहेरच्या बोलीत एवढेच म्हणाल्या, "कामनी लाज कसानी?" लाज वाटली ती मला. गतवर्षीच्या स्मरणिकेतील अभिनंदनाचा मजकूर मीच लिहीत असे. त्यात मी लिहिले, 'उच्च प्रशिक्षणासाठी अमेरिकेस जाऊन आली.' पुतणीने ते वाचले आणि मला विचारले, "नाना, मी प्रशिक्षणाला कधी गेले होते?" मी हसून वेळ मारून नेली.

वेळ मारून नेता येते, पण छापलेला शब्द मागे घेता येत नाही. ते पान आपल्या ज्ञातीतील एका गृहस्थांनी वाचले. त्यांचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. आपल्याही मुलाला असे प्रशिक्षण मिळावे म्हणून त्यांनी शहरातील एका मध्यस्थाला नव्वद हजार रुपये दिले. 'प्रशिक्षण' मिळवून देतो, असे त्याने सांगितले होते; मुलाखतीत काय बोलायचे, हेही त्यानेच मुलाकडून घोकून घेतले. मुंबईच्या वकिलातीत अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले. मुलाच्या उत्तरांचा त्याच्या कागदांशी मेळ बसेना. व्हिसा नाकारला गेला. पुढच्या महिन्यात मध्यस्थाच्या कार्यालयाला कुलूप लागले. ते गृहस्थ स्मरणिका हातात घेऊन माझ्या ओट्यावर आले. रागावले नाहीत. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, हे तुम्हीच लिहिले ना?" मी माझ्या निवृत्तिवेतनातून काही रक्कम देऊ केली, त्यांनी ती घेतली नाही. "जसे ते छापले, तसे खरेही छापा," एवढेच बोलून ते गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पूर्वतयारीतील पहिली गोष्ट ही, की आपण कशासाठी जात आहोत ते स्वतःशी व इतरांशी खरे बोलावे.

आता ही योजना मुळात काय आहे ते सांगतो. अमेरिकेच्या सरकारने १९६१ च्या कायद्यान्वये परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या ज्या योजना चालविल्या आहेत, त्यांतील ही एक. जमेका, रुमानिया, तुर्कस्तान, थायलंड अशा अनेक देशांचे विद्यार्थी दरवर्षी तिच्यातून जातात. विद्यार्थी महाविद्यालयात पूर्णवेळ शिकत असावा, निदान एक सत्र त्याने पुरे केलेले असावे, इंग्रजी कामापुरते नीट बोलता यावे, आणि काम त्याच्या महाविद्यालयाच्या दीर्घ सुट्टीतच व्हावे. ते चार महिन्यांहून अधिक नसावे. त्यानंतर तीस दिवस देश पाहण्यास मिळतात, परंतु त्या दिवसांत काम करता येत नाही. प्रशिक्षणार्थींसाठी वेगळी योजना आहे, तिचे नियम वेगळे आहेत. दोन्हींची गल्लत करून सांगणारा मनुष्य एकतर अज्ञानी असतो, नाहीतर लबाड.

कामे बहुधा हंगामी असतात: हॉटेलच्या खोल्या आवरणे, उपाहारगृहात भांडी घासणे व ताटे पोचविणे, करमणुकीच्या उद्यानातील पाळण्यांपाशी उभे राहणे, जलतरण तलावावर जीवरक्षक म्हणून बसणे, दुकानात विक्री करणे. या योजनेत वाईट अनुभव आलेच नाहीत असे नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात चॉकलेटच्या वेष्टनाच्या कामावर लावलेल्या शेकडो परदेशी विद्यार्थ्यांनी संप केला. अवजड काम, रात्रीच्या पाळ्या आणि भाड्यापोटी पगारातून होणारी कपात, या त्यांच्या तक्रारी होत्या. पुढे २०१२ साली नियम कडक झाले. कारखान्यातील व गोदामातील काम, कोणाच्या घरी घरगड्याचे काम आणि मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील काम आता या योजनेत चालत नाही. आपल्या मुलाला असे काम कोणी देऊ केले, तर ते नियमाबाहेरचे आहे हे पालकांनी ओळखावे.

आता कागदांची तयारी. पासपोर्ट वेळेवर काढावा. परीक्षा संपल्यावर धावपळ करू नये. त्यानंतर पुरस्कर्ती संस्था निवडावी. अशा मान्यताप्राप्त संस्थांची यादी अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वतः प्रसिद्ध करते. मध्यस्थ कितीही गोड बोलला, तरी त्याच्यामागची पुरस्कर्ती संस्था त्या यादीत आहे की नाही ते आधी पाहावे. कामाचे लेखी पत्र हाती घ्यावे. मालकाचे नाव, गावाचे नाव, तासाचा दर, आठवड्याचे तास, राहण्याची सोय व तिचे भाडे, ही सहा कलमे त्यात असलीच पाहिजेत. पुरस्कर्त्या संस्थेकडून पात्रतेचे प्रमाणपत्र आल्यावर नोंदणीचे ३५ डॉलर आणि व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर भरावे लागतात. हे आकडे बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी पुन्हा पाहावे. मुलाखतीत पाठ केलेले भाषण करू नये. 'मी खोल्या आवरणार आहे, अमुक तारखेला परतणार आहे आणि माझे चौथे वर्ष अमुक महिन्यात सुरू होत आहे,' एवढे सत्य पुरेसे असते. माझ्या पुतणीने हेच सांगितले.

या मुलाखतीच्या वेळी कामगारांच्या हक्कांची एक छोटी पुस्तिका देतात. ती २००८ च्या कायद्यान्वये दिली जाते. ती पिशवीत कोंबू नये, वाचावी. पासपोर्ट ठेवून घेण्याचा मालकाला अधिकार नाही, हे त्यावरून ध्यानात येईल.

यानंतर पैशाची तयारी. आपण कापसाच्या मुलखातील माणसे. पेरणीच्या दिवशी कापसाचा भाव धरून कर्ज काढणाऱ्याची गत काय होते, हे मी आपणांस सांगावयास नको. तोच विचार येथे करावा. समजा, तासाला १० डॉलर मिळाले, आठवड्याला ४० तास काम मिळाले आणि १० आठवडे ते चालले. हाती ४००० डॉलर येतील. त्यातून खोलीचे भाडे आठवड्यास १२० प्रमाणे १२००, खाण्याचे ६० प्रमाणे ६००, कर व जाण्यायेण्याचे मिळून ४०० वजा करा. उरले १८००. त्यातूनच विमानाचे भाडे, संस्थेचे शुल्क आणि व्हिसाचा खर्च निघावयाचा आहे. बहुतेक हिशेब बरोबरीत सुटतो. पुष्कळदा गाठचे घालावे लागतात. शिवाय पहिला पगार हाती येईपर्यंत दोन-तीन आठवड्यांची बेगमी जवळ असावी लागते. श्रीमंत होऊन येऊ, या आशेने कोणी जाऊ नये आणि शेत गहाण ठेवून तर कोणीच जाऊ नये. पुतणीने आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून बिनव्याजी कर्ज घेतले होते. ते तिने परत आल्यावर फेडले. कसे? निम्मे तिथल्या शिलकेतून आणि निम्मे पुण्यात शिकवण्या करून. हेही मी गतवर्षी लिहिले नव्हते.

आणखी एक अडचण आपल्या बाजूची आहे. साधारणतः एप्रिल-मेमध्ये आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा होतात आणि जून-जुलैत नवे सत्र उघडते. तिकडचा हंगाम मात्र जून ते ऑगस्ट असा भरात असतो. सर्वांच्या तारखा जुळतीलच असे नाही. आपल्या महाविद्यालयाची सुट्टी किती, याचे प्राचार्यांचे पत्र आधी घ्यावे. तारखा जुळत नसतील, तर खोटे पत्र मिळविण्याच्या मागे लागू नये. पदवीनंतर इतर वाटाही आहेत. १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी इंग्लंडने २०२३ साली व ऑस्ट्रेलियाने २०२४ साली काम करून राहण्याच्या योजना उघडल्या. त्यांत जागा मर्यादित असतात व निवड सोडतीने होते.

सर्वांत मोठी तयारी मात्र हातांची आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. ज्या मुलाने घरी जेवल्यावर आपले ताट उचलले नाही, तो परदेशी जाऊन शंभर ताटे कशी घासणार? पुतणी सांगते, की पहिल्या आठवड्यात तिच्याबरोबरची दोन मुले रडली. काम फार होते म्हणून नव्हे, तर असले काम आपण करावयाचे असते हेच त्यांना कधी ठाऊक नव्हते. म्हणून जाण्यापूर्वी सहा महिने मुलाने आणि मुलीने घरी स्वयंपाक करावा, कपडे धुवावेत, न्हाणीघर घासावे. महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजना असेल, तर तीत नाव घालावे. आठ तास उभे राहण्याची सवय करावी. रस्त्याच्या उजव्या बाजूने सायकल कशी चालवायची ते समजून घ्यावे. अशा गावांत पुष्कळ विद्यार्थी सायकलीनेच कामावर जातात. संकटात ९११ हा क्रमांक फिरवावा, हे पाठ असावे.

येथे मला माझ्याच वर्गाची आठवण होते. आपल्या शेजारच्या अमळनेरास प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि छात्रालयाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या ते झाडीत, त्यांचे कपडे धूत, अंथरुणे नीट करीत. ही हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगितली. सांगताना माझा कंठ दाटून येई, मुलांचेही डोळे भरत. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मजुरी करीत शेतकी शिकले आणि पुढे मेक्सिकोत शेतकीचे प्राध्यापक झाले, हेही सांगितले. गुरुजींनी खोली झाडली तर ती सेवा, खानखोज्यांनी मजुरी केली तर तो पुरुषार्थ, आणि माझ्या पुतणीने खोली झाडली, तर ते 'उच्च प्रशिक्षण' म्हणून झाकून ठेवायचे! पस्तीस वर्षे मी जो धडा शिकविला, तो मला स्वतःला आला नव्हता.

परतताना ती तीन दिवस न्यूयॉर्कला राहिली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात जेथे शिकले, ते कोलंबिया विद्यापीठ तिने पाहिले. "फिरण्याचे पैसे माझ्या कमाईचे होते, नाना," असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात जो ताठपणा होता, तो मी यापूर्वी ऐकला नव्हता. त्या उन्हाळ्याची खरी शिल्लक ती हीच.

अध्यक्ष महाराज, माझी मंडळास दोन निवेदने आहेत. परदेशी उन्हाळी कामासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे कागद पाहण्यासाठी तीन जाणत्या सभासदांची समिती नेमावी आणि तिने पाहिल्याखेरीज शिक्षणनिधीतून कर्ज देऊ नये. त्या समितीत जाऊन आलेली एक मुलगी किंवा मुलगा असावा. दुसरे असे, की यंदाच्या स्मरणिकेत माझ्या गतवर्षीच्या मजकुराची दुरुस्ती पुढील शब्दांत छापावी: 'गतवर्षी पुतणीविषयी दिलेली माहिती चुकीची होती. तिने अमेरिकेत एका हॉटेलात दहा आठवडे खोल्या आवरण्याचे काम केले व मंडळाचे कर्ज फेडले. तिचे अभिनंदन.'

त्या शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा आज समोर बसला आहे. तो पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी त्याचे कागद मी माझ्या चष्म्याखालून घालीन. आणि रोज सकाळी त्याच्या घरी भांडी कोण घासते, याचीही चौकशी करीन.