भाला, टॉर्च आणि मगरीचे लाल डोळे

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा घरी भांडी घासत असाल, पुढची पाच-सहा मिनिटं माझ्यासोबत ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला चला. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, शिकारीशी माझा काही संबंध नाही. पण जुनी अवजारं कशी चालतात हे बघायला मला जाम आवडतं.

आजचे प्रश्न दोन. पाच मीटर लांबीची मगर भाल्याने धरतात तरी कशी? आणि हजारो वर्षं भाले खाऊनही जी टिकली, ती नंतर फक्त २५-२६ वर्षांत संपायला कशी आली?

नॉर्दर्न टेरिटरी हा तिथला प्रांत, राजधानी डार्विन. पूर्वेला आर्नहेम लँड. किनाऱ्यालगतचा मुलूख खाड्या, खारफुटी आणि दलदलीचा. इथे खाऱ्या पाण्यातली मगर राहते, जगातला सगळ्यात मोठा सरपटणारा प्राणी. इथल्या योलंगू लोकांत गुमाच नावाचं कूळ आहे. आपल्याकडे देवक असतं ना, साधारण तसं त्यांचं मगरीशी नातं. तिला ते बारू म्हणतात, आणि ती त्यांची पूर्वज आहे. मगरीचं मांस आणि अंडीही या भागात खाल्ली जातात. म्हणजे आदर आहे, भीती आहे आणि भूकही आहे. तिन्ही एकत्र.

आता अवजार. भाला म्हटलं की आपल्याला फेकून आरपार घालवायची वस्तू आठवते. मगरीच्या बाबतीत ते जमत नाही. तिच्या पाठीवर कातडीखाली हाडाच्या चकत्या असतात, भाला घसरतो. म्हणून हार्पून. लांब लाकडी दांडा, टोकाला उलट्या काट्यांचं सुटं पातं आणि पात्याला बांधलेला दोर. नेम मानेच्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते. पातं रुतलं की दांडा सुटून येतो आणि मगर दोराला राहते. मारायचं नंतर, आधी ‘कनेक्ट’ व्हायचं!

मग काय करायचं? काही नाही, तिला ओढू द्यायचं. मगरीची ताकद प्रचंड, पण ती टिकत नाही. जोरात झटापट केली की तिच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं आणि ती थकते. फास्ट चार्जिंग नसलेली बॅटरी समजा. दुसरी गोष्ट, जबडा मिटायचे स्नायू भयंकर, पण उघडायचे कमजोर. मिटलेलं तोंड दोराने बांधून ठेवता येतं. आणि तिसरी, डोळे झाकले की ती बरीच शांत होते.

ही शेवटची युक्ती किती जुनी आहे माहितीय? इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तमधल्या शिकारीबद्दल लिहून ठेवलंय. गळाला डुकराचं मांस लावायचं, काठावर जिवंत डुकराला मारून ओरडायला लावायचं, मगर गळाला लागली की ओढून काढायची आणि सगळ्यात आधी तिच्या डोळ्यांवर चिखल थापायचा. आज मगर पकडणारे ओलं गोणपाट किंवा कापड टाकतात. अडीच हजार वर्षं झाली, कल्पना तीच.

आमच्या भाषेत सांगायचं तर हार्पूनमध्ये ‘रेट लिमिट’ आपोआप होता. जवळ जायला लागायचं, जीव धोक्यात घालायला लागायचा, एका मगरीमागे कित्येक तास जायचे. शिकारी दयाळू होता असं मी म्हणत नाहीये. त्याला जास्त मारताच येत नव्हतं, आणि मारून विकायचं कुणाला?

१९४५ नंतर हे दोन्ही बदललं. दुसरं महायुद्ध संपलं, रायफली आल्या आणि मगरीच्या चामड्याला बाजार मिळाला. या मगरीच्या पोटाकडच्या कातडीत हाडं नसतात, त्यामुळे बॅगा आणि पर्ससाठी तिला मोठा भाव. आणि आला टॉर्च. मगरीच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो. रात्री प्रकाश पडला की डोळे लाल निखाऱ्यासारखे चमकतात. जी लपण्यात पटाईत, तिचं लोकेशनच शेअर झालं म्हणा!

यातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट आता येते. गोळी लागलेली मगर पाण्यात बुडते, चामडं हातचं जातं. म्हणून या धंद्यातही हार्पून वापरला गेला, आणि ते कसब असलेले स्थानिक आदिवासी त्यासाठी कामाला घेतले गेले. म्हणजे अवजार तेच, हातही तेच. बदलला तो वेग आणि गिऱ्हाईक. १९७१ मध्ये तिथे संरक्षण मिळालं, तेव्हा अंदाजे ३,००० मगरी उरल्या होत्या.

आज तो आकडा एक लाखाच्या आसपास मानला जातो. नुसत्या बंदीने हे झालं नाही. १९८० च्या दशकापासून मगरीची अंडी गोळा करून फार्मला द्यायला परवानगी मिळाली, आणि ज्यांच्या जमिनीवर घरटी, त्यांना पैसे मिळू लागले. मगर जिवंत राहण्यात काठावरच्या माणसाचा वाटा तयार झाला. आणि हार्पून? डार्विनच्या बंदरात धोकादायक मगर शिरली, तर तिथले रेंजर आजही तो वापरतात.

हे सगळं सांगतोय कारण आपल्याकडेही मगर आहे. सांगलीजवळ कृष्णाकाठी हल्ले झालेत, माणसं गेलीत. अशी बातमी आली की ‘मारून टाका एकदाच्या’ असे मेसेज फिरतात. १९७२ च्या कायद्याने मगरीची शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं माझं मत. मात्र ज्याला रोज नदीत उतरायचंय, त्याला नुसतं ‘निसर्गाचं रक्षण करा’ सांगून आपण पुण्या-मुंबईत झोपायचं, हेही बरोबर नाही. त्याला सुरक्षित घाट हवा, फोन केल्यावर वेळेत येणारी माणसं हवीत आणि मगर वाचली तर त्याचा काय फायदा, याचं खरं उत्तर हवं.

तुमचं गाव नदीकाठी असेल, तर यावर तुमच्या आजी-आजोबांना काय वाटतं ते जरूर विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!