आधी संगीत ऐका, मग पान मांडा



आज पारितोषिकं मिळवलेल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. पडद्यामागे राबलेल्या, सतरंज्या घातलेल्या, माइक सांभाळणाऱ्या सगळ्यांचंही तितकंच अभिनंदन.

यंदापासून महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाच्या जोडीला विद्यार्थ्यांचं स्वतःचं संगीत मासिक काढायचं ठरलं आहे. त्याची १६ पानांची, म्हणजे एका फर्म्याची डमी संपादक मंडळाने दुपारी मला दाखवली. मी अंकांच्या मांडणीत वाढलेला माणूस. त्यामुळे सर्वसाधारण उपदेश बाजूला ठेवून आज याच विषयावर बोलतो.

तुमच्या डमीच्या मुखपृष्ठावर डफ उंचावलेला शाहीर आहे. छायाचित्र झकास आहे. शाहिराच्या मानेची शीर दिसते, डफाच्या कडेवरची बोटं दिसतात. त्याच्यावर मासिकाचं नाव मात्र तडे गेलेल्या अक्षरांत, काळ्या पार्श्वभूमीवर आहे. ही अक्षरं कुठून आली, ते तुम्हीच मला सांगितलंत: परदेशी हेवी मेटल मासिकांतून. ती तुम्ही प्रेमाने घेतलीत, नजर ठेवून घेतलीत. म्हणूनच त्या अक्षरांविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं.

'केरँग!' हे मासिक १९८१ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं. विजेच्या गिटारवर जोरात हात मारला की जो आवाज होतो, तेच त्याचं नाव. नाव आवाजावरून आलेलं, म्हणून अक्षरंही त्या आवाजाने तडकलेली. पान मथळ्यांनी गच्च भरलेलं, कारण त्या संगीतात शांततेला फारशी जागा नाही. याच्या उलट टोकाला 'ग्रामोफोन' हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचं मासिक. कॉम्प्टन मॅकेन्झी या लेखकाने १९२३ मध्ये ते सुरू केलं. त्याचा वाचक एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून तुलना करणारा. त्याला सलग मजकूर हवा, डोळ्याला स्वस्थता हवी. आणि 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाने अल्बमला गुण देताना तारे बाजूला ठेवले आणि मायक्रोफोन दिले. पाच मायक्रोफोन मिळणं हा रॅपरसाठी मोठा मान ठरला, कारण त्या संगीतात माणसाच्या हातातलं मुख्य वाद्यच मायक्रोफोन आहे.

यालाच आपण त्या त्या प्रकाराचे संकेत म्हणतो. स्टॉलसमोर उभा असलेला वाचक अंक हातात घेण्याआधीच ओळखतो की आत कोणतं संगीत आहे. नावाची अक्षरं, रंग, छायाचित्रातल्या माणसाची नजर, मथळ्यांची गर्दी किंवा मोकळी जागा, या सगळ्यांतून संपादक वाचकाला शब्द देत असतो: तू जे ऐकतोस, तेच इथे मिळेल. संकेत पाळणं म्हणजे तो शब्द पाळणं. म्हणून संकेतांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मी नक्कल करणारा कधीच म्हणणार नाही. पण प्रत्येक संकेत कुठल्या तरी आवाजातून जन्मलेला असतो, हे विसरून चालत नाही. पोवाड्याच्या डफाला गिटारची अक्षरं लावली की शब्द एकाला दिला जातो आणि माल दुसऱ्याचा निघतो.

आपण कॉलेजातली मुलं, आपल्याला नवे संकेत कसे घडवता येतील, असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल. इतिहास तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेत रॉक संगीतावर गंभीरपणे लिहिणारं पहिलंवहिलं मासिक म्हणून ज्याचं नाव घेतात, ते 'क्रॉडॅडी!' १९६६ मध्ये स्वार्थमोर कॉलेजातल्या पॉल विल्यम्सने काढलं. तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि अंक सायक्लोस्टाइल केलेला होता. आत्ता ज्याचा उल्लेख केला ते 'द सोर्स' १९८८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी एका पानाचं पत्रक म्हणून सुरू केलं. आणि १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या तरुण कारकुनाने 'स्निफिन ग्लू' काढलं. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड मार्करने हाताने लिहिलेले, प्रती झेरॉक्सच्या. पैसे नव्हते म्हणून ते तसं दिसलं. पण पंक संगीताचाही बाणा हाच होता की वाजवायला मोठा स्टुडिओ लागत नाही. साधनं आणि संगीत यांचं इतकं जुळलं की ती हातलिखित अक्षरं पुढे जगभर पंकची ओळख झाली. तुमच्या हातात जी साधनं आहेत त्यांची लाज बाळगू नका. ती तुमच्या संगीताशी जुळतात का, एवढंच पाहा.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी संगीताकडे स्वतःचे संकेत आहेत आणि ते भरपूर आहेत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केलं आणि पुढे 'संगीतामृत प्रवाह' हे मासिकही काढलं. त्यांच्याच परंपरेतल्या 'संगीत कला विहार'चं संपादन प्रा. बी. आर. देवधरांनी केलं. अशा मासिकांच्या पानांवर नजर टाकलीत की लेखांच्या जोडीला बंदिशींची स्वरलिपी दिसते. ती स्वरलिपी हाच मांडणीचा अस्सल देशी धडा आहे. उदाहरणार्थ, भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. इतक्या थोड्या खुणांमध्ये अख्खी बंदिश कागदावर उतरते. तुमच्या डमीत पाचव्या पानावर काफीतली एक बंदिश आहे. तिच्यातल्या गंधार-निषादांखालच्या रेघा फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना गळून पडल्या आहेत. रेघा गेल्या, की काफीचा बिलावल होतो. मुद्रितशोधन करताना ऱ्हस्व-दीर्घाइतकंच या रेघांकडे पाहा, आणि पान छपाईला देण्याआधी गाणाऱ्या माणसाकडून एकदा गाऊन घ्या.

संगीत नाटकवाल्यांनी तर नावातच संकेत बसवला. 'संगीत सौभद्र' १८८२ चं, 'संगीत शारदा' १८९९ चं. जाहिरातीतला तो पहिला शब्द वाचला, की प्रेक्षकाला पदं ऐकायला मिळणार हे ठरलेलं. तमाशाच्या फडाची पाटी, भजनी मंडळाच्या सप्ताहाचं पत्रक, गणेशोत्सवातल्या मेळ्याची जुनी हस्तपत्रकं, गावच्या बँड पथकाच्या ढोलांवर रंगवलेली नावं, हे सगळं तुमच्यासाठी पाठ्यपुस्तक आहे. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात तेव्हा कॅमेरा घेऊन जा आणि कलावंतांइतकीच पाट्यांचीही छायाचित्रं काढा. कोणता रंग वरचेवर येतो, गावाचं नाव किती मोठं, वगसम्राटाचं किती मोठं, ते मोजा. तुमच्या शाहिराच्या मुखपृष्ठाची अक्षरं तिथे सापडतील.

दुसरी गोष्ट लिपीची. इंग्रजी मासिकांचे काही संकेत देवनागरीत उतरतच नाहीत, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. त्यांच्याकडे मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं असा भेद आहे, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं. आपल्याकडे तो भेद नाही. आपल्याला आवाज चढवायचा तर अक्षराची जाडी, आकार आणि रंग यांतूनच चढवावा लागतो. ते अक्षरांमधलं अंतर वाढवून नावाला ऐसपैस करतात. आपण तसं केलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. कलाकाराचं डोकं मासिकाच्या नावावर चढवायचा त्यांचा आवडता संकेत आहे. आपल्याकडे डोकं खालून येतं आणि अक्षराचं अंगच झाकतं, वर उरते ती नुसती रेघ आणि वेलांट्या. तुमच्या डमीत शाहिराच्या फेट्याने नेमकं तेच केलं आहे. छायाचित्र थोडं खाली घ्या, फेटाही दिमाखात दिसेल आणि नावही वाचता येईल. मजकुराच्या ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडा, कारण आपले उकार खाली लोंबतात आणि पुढच्या ओळीच्या वेलांट्या वर येतात. ते एकमेकांत अडकले की वाचक दोन परिच्छेदांत दमतो.

आतल्या पानांबद्दल एकच आग्रह धरतो. तो छायाचित्राखालच्या ओळीबद्दल. मैफलीच्या निमंत्रणपत्रिकेत मुख्य कलावंताखाली तबला, संवादिनी आणि तानपुऱ्याची साथ करणाऱ्यांची नावं छापायची आपली रीत आहे. हा अत्यंत सुसंस्कृत संकेत आहे आणि तो प्रत्येक प्रकाराला लावा. शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी आहेत, त्यांची नावं द्या. लावणीच्या छायाचित्रात ढोलकीवाला कडेला अर्धा कापला गेला असेल तर छायाचित्र पुन्हा कापा आणि त्याला पूर्ण आत घ्या. तुमच्या वर्गातला जो मुलगा मराठीत रॅप करतो, त्याच्यासाठी बीट तयार करून देणारी मुलगी याच सभागृहात बसली असेल. तिचं नाव त्याच्या नावाखाली, त्याच ठशात छापा. मधल्या जोडपानावर, जिथे पिना येतात, तिथे चेहरा येणार नाही याचीही काळजी घ्या. आठव्या-नवव्या पानावर पिन तुमच्या ढोलकीपटूच्या डोळ्यात येते आहे, मी पाहिलं.

संकेत मोडायचेच नाहीत का, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने दुपारी विचारला. मोडायचे. पण कधी, याचं एक उदाहरण सांगतो. 'रोलिंग स्टोन' १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर जॉन लेनन होता. ८ डिसेंबर १९८० ला ॲनी लिबोविट्झ या छायाचित्रकार बाईंनी लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांचं छायाचित्र काढलं. लेनन विवस्त्र, पोटाशी पाय घेऊन योकोंना बिलगलेला. त्याच दिवशी रात्री लेननची हत्या झाली. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर तेच छायाचित्र आलं आणि मासिकाच्या नावाखेरीज मुखपृष्ठावर एकही मथळा नव्हता. अंक विकण्यासाठी मुखपृष्ठावर मथळे हवेत, हा धंद्यातला सर्वांत पक्का संकेत. तो त्यांनी मोडला, कारण त्या छायाचित्रापुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. २००५ मध्ये अमेरिकन मासिकांच्या संपादकांच्या संघटनेने त्याला मागच्या ४० वर्षांतलं सर्वोत्कृष्ट मुखपृष्ठ ठरवलं. ज्याला संकेत पूर्ण माहीत असतो, त्यालाच तो मोडण्याचा क्षण ओळखता येतो. एका अंकात एक संकेत मोडा आणि का मोडला हे संपादक मंडळातल्या प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे.

मित्रांनो, हे मासिक तुमच्या हातात आहे म्हणून मला त्याची ओढ वाटते. आपल्या गावोगावी जे गातात-वाजवतात, त्यांच्यातल्या बहुतेकांबद्दल छापील शब्द कुणी लिहिलेला नाही. तुमच्या १६ पानांत त्यांच्यातली चार-पाच माणसं जरी नीट आली, नावानिशी, त्यांच्या संगीताला शोभेल अशा पानावर, तरी ते मोठं काम होईल. प्रत्येक लेखाची मांडणी सुरू करण्याआधी ज्याच्यावर तो लेख आहे त्याचं गाणं सगळ्यांनी एकत्र बसून ऐका, आणि त्यानंतरच संगणक सुरू करा. प्राचार्यांनाही माझी एक विनंती आहे. या अंकाच्या प्रती ग्रंथालयात वार्षिक अंकाइतक्याच जपून बांधून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्यांना संकेत शिकायला परदेशी मासिकांबरोबर आपल्याच महाविद्यालयाचे अंकही हाताशी असतील.

पहिल्या अंकाला माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.