मापात पाप



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘बायकांच्या तयार कपड्यांची मापे’ असे सांगितले, तेव्हा क्षणभर कोणी काही बोलेना. मग एका गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने विचारले, “यावर तासभर बोलता येईल?” आम्ही म्हटले, “तासाचे काय घेऊन बसलात? घरी विचारून पाहा, तिथे हे व्याख्यान वर्षानुवर्षे चालू आहे!”

जिथे इतिहास, अर्थकारण आणि अध्यात्म यांच्यावर व्याख्याने व्हावयाची, तिथे कुर्त्याची छाती आणि कंबर आणणे हा अविचार नव्हे काय, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. त्यांनी थोडा धीर धरावा. हा प्रश्न कापडाचा कमी आणि खरेपणाचा अधिक आहे. ‘मापात पाप नको’ असे आपल्याकडे म्हणतात. ते पाप आज कुठे बसले आहे, एवढेच आम्हांला दाखवावयाचे आहे.

आम्ही राहतो भंडारदऱ्याला, म्हणजे धरणाशेजारच्या शेंडी गावात. आमच्या भाचीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. पांढऱ्या गणवेशाचे दोन जोड हवे होते. पहिला तिने स्वतः जाऊन आणला. त्यावर ‘एल’ अशी खूण होती आणि तो अंगाला नीट बसला. दुसरा आणायला आम्ही गेलो, कारण आवणीचे दिवस होते आणि ती शेतात होती. पहिल्या दुकानात माल संपला होता, म्हणून शेजारच्या दुकानातून तेच अक्षर पाहून जोड घेतला. घरी येऊन तिने तो घातला, तर बाह्या मुंढ्यात अडकल्या. हात वर करता येईना. ज्या मुलीला रोग्याला उचलायचे, तिला आपलाच हात उचलता येईना!

दुकानदार अप्रामाणिक नव्हता. “बदलून देऊ की, घेऊन या,” असे तो म्हणाला. पण ‘घेऊन या’ हे शहरातल्या बाईला सांगणे वेगळे आणि शेंडीच्या बाईला सांगणे वेगळे. 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, हे खरे. पण पावसाळ्यात गाडीची वाट पाहण्यात जो दिवस जातो, तो कोणी अर्धा करून दिलेला नाही. गेलो, तर तिथे ‘एक्सएल’ घालून पाहिला; तो पोत्यासारखा ढगळ. दुसरा माल नव्हता. तोच जोड घेऊन परत आलो.

पण ही गोष्ट आम्ही दिवस फुकट गेला म्हणून सांगत नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या लक्षात आले की, पोर रात्री ताटातली भाकरी तशीच ठेवून उठते. विचारले, तर मान खाली घालून म्हणाली, “मावशी, कपडा बरोबरच आहे गं. मीच वाढले.” आम्ही टेप काढला आणि दोन्ही कुर्ते सपाट अंथरून मोजले. पहिल्याची छाती 40 इंच भरली, दुसऱ्याची 38. दोन्हींवर अक्षर एकच, ‘एल’. माप चुकले चिठ्ठीचे, आणि उपास घडला मुलीला!

मंडळी, इथेच आमचे व्याख्यान सुरू होते. आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. उपदेश उत्तम आहे. पण अंथरुणावर लांबीच खोटी लिहिलेली असेल, तर पाय उघडे पडल्याचा दोष पायांना द्यावा काय?

आमच्या गावाला मापाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. भंडारदऱ्याचे धरण 1910 साली बांधायला घेतले आणि 1926 साली पुरे झाले. त्याची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात धरण किती भरले याचा आकडा रोज जाहीर होतो, आणि प्रवरेकाठचा शेतकरी तो भाकरीच्या हिशेबाप्रमाणे तोंडपाठ ठेवतो. पाणी सुटले की किती क्यूसेक सुटले हे विचारतो. आता कल्पना करा की, अकोल्याचा क्यूसेक निराळा, संगमनेरचा निराळा आणि श्रीरामपूरचा आणखी तिसराच आहे. किंवा अधिकाऱ्यांनी आकडा न देता ‘आज मध्यम पाणी सोडले’ एवढेच कळवले आहे. चार दिवस तरी कोणी ऐकून घेईल काय? पाण्याच्या बाबतीत जे आपण एक दिवस सोसणार नाही, ते आपल्या लेकीसुना कपड्यांच्या बाबतीत रोज सोसत आहेत.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण पूर्वीच्या वस्त्राला अंगाचे माप लागतच नव्हते. नऊवारी लुगडे सडपातळ सुनेला तेच आणि स्थूल सासूला तेच. बाळंतपणाआधी तेच आणि नंतरही तेच. चोळीला पुढे गाठ, ती हवी तशी आवळावी किंवा सैल करावी. पुढे पोलके आले, तेव्हा शिंपी आला. तो वायदे चुकवी हे खरे. दिवाळीचे पोलके तुळशीच्या लग्नाला देई. पण तो माप घेई ते त्याच बाईचे, आणि शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड दाबून ठेवी. या कापडाला आपल्या भाषेत किती सुंदर शब्द आहे पाहा: ‘माया’. बाई वर्षभराने अंगाने भरली, तर शिवण उसवून माया सोडायची. कपड्याने माणसाशी जमवून घ्यावे, असा तो व्यवहार होता. तयार कपड्यात ही माया बहुधा नसतेच, कारण हजारो नगांत प्रत्येकी दोन बोटे कापड वाचले तर कारखानदाराचे गाठोडे वाचते.

म्हणून आम्ही मागे जा असे म्हणतो काय? मुळीच नाही. आमच्या मुली गाड्या चालवतात, गर्दीत चढतात, रुग्णालयात आणि कचेरीत उभ्याने काम करतात. त्यांना तयार कुर्ता सोयीचा पडतो, स्वस्त पडतो आणि आज हवा तो आज मिळतो. तयार कपडा हवाच, फक्त त्याचे माप खरे हवे.

आता हा गोंधळ होतो कसा, ते थोडक्यात पाहू. पहिले कारण असे की, चिठ्ठीवरचा आकडा अंगाचा की कपड्याचा हे कोणी ठरवलेले नाही. 38 इंच छातीच्या बाईला श्वास घेता यावा, हात हलावा म्हणून कुर्ता दोन-चार इंच सैल लागतो. एक कारखानदार त्यावर 38 लिहितो, दुसरा 40 लिहितो. दोघेही आपापल्या परीने खरे! दुसरे कारण असे की, प्रत्येक कारखानदार एक नमुन्याचे अंग धरतो आणि बाकीची मापे त्याच्यावरून चढत्या-उतरत्या क्रमाने काढतो. छाती दोन इंचांनी वाढली की कंबर आणि नितंबही तेवढेच वाढले असे तो धरतो. पण देवाने बायका अशा कोष्टकाप्रमाणे घडवलेल्या नाहीत. तिसरे कारण, कापडाचे थरावर थर रचून ते एकदम कापतात. त्यात थोडे इकडेतिकडे होते, आणि सुती कापड धुतल्यावर आटते ते निराळेच. चौथे कारण जरा मजेचे आहे. गिऱ्हाईक खूष व्हावे म्हणून काही जण मोठ्या कपड्यावर लहान मापाची खूण लावतात. बाईला वाटते आपण बारीक झालो, आणि पिशवी भरते दुकानदाराची.

पुरुषांचे काय? त्यांच्या विजारीवर कमरेचा आकडा असतो. तोही सगळीकडे चोख असतो असे नाही. पण तिथे आकड्याची भाषा तरी आहे. बायकांच्या नशिबी अक्षर आले. ‘एम’ म्हणजे मध्यम. पण कोणाच्या मध्यम?

कोणी म्हणेल, सरकारने एक कोष्टक करावे आणि सर्वांवर लादावे. हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. 1939-40 साली तिथल्या कृषिखात्याच्या गृहविज्ञान विभागाने सुमारे 15,000 स्त्रियांची प्रत्येकी 59 मापे घेतली. पण कोष्टक करताना गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे हिशेबातून वगळली. त्या आधारावर 1958 साली प्रमाण मापे जाहीर झाली. कारखानदारांनी ती हळूहळू सोडली, आणि 1983 साली सरकारनेही ती मागे घेतली.

त्याच देशात 1945 साली आणखी एक गंमत झाली. हजारो तरुणींच्या मापांची सरासरी काढून ‘नॉर्मा’ नावाचा एक पुतळा घडवला होता. क्लीव्हलँड शहरात स्पर्धा लावली की, या पुतळ्याशी जिची मापे तंतोतंत जुळतील तिला बक्षीस. 3,800 हून अधिक स्त्रियांनी आपली मापे पाठवली. सर्व मापांत जुळणारी एकही निघाली नाही! अखेर जवळात जवळची पाहून बक्षीस द्यावे लागले. भगिनींनो, ही गोष्ट मनात जपून ठेवा. दुकानातला कपडा ज्या ‘सरासरी’ बाईसाठी बेतलेला असतो, ती बाई त्या हजारोंतही सापडली नाही.

आपल्या देशातही काम सुरू झाले आहे. 2019 साली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील 25,000 स्त्रीपुरुषांची मापे यंत्राने घेण्याची योजना जाहीर केली. परदेशी कोष्टकांवर आपले कपडे बेतण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. पण सहा शहरांच्या मापांत, डोक्यावर हंडा आणि पाठीवर मोळी घेऊन चढ चढणाऱ्या आमच्या डोंगरातल्या बाईचे खांदे कितपत सापडतील, ही शंका आम्ही इथे नम्रपणे नोंदवतो.

तात्पर्य, सर्व बायकांना एका कोष्टकात बसवा अशी आमची मागणी नाही. ते होणार नाही, आणि होऊही नये. आमची मागणी एवढीच की, जे लिहाल ते खरे लिहा. कपड्यावर अक्षर लावायचे तर लावा, पण त्याखाली छाती, कंबर आणि उंची सेंटिमीटरांत छापा. आणि ते माप अंगाचे की कपड्याचे, हेही सांगा.

यात अशक्य काय आहे? 1956 साली या देशाने वजन-मापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली. शेर गेला, वार गेला. किलो आला, मीटर आला. अडाणी म्हणवल्या गेलेल्या आमच्या आजीनेही काही वर्षांत ते आत्मसात केले. कापडदुकानातल्या मीटरच्या पट्टीवर सरकारी शिक्का असतो, आणि ती बोटभर आखूड निघाली तर दुकानदारावर खटला होतो. पण तेच कापड कापून शिवले की त्याचे माप एका अक्षरावर सोपवायचे, हा कुठला न्याय?

कायद्याचे काम होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करावे? पहिले, प्रत्येकीने आपली मापे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावीत. दुसरे, आपल्याला नीट बसणारा एक कुर्ता सपाट अंथरून मोजावा, टेप बरोबर न्यावा आणि दुकानातला कपडा त्याच्याशी ताडून पाहावा. टेप काढायला लाजू नये. धान्य घेताना आपण तराजूकडे पाहतोच ना? तिसरे, पावती घ्यावी आणि बदलण्याची मुदत तिच्यावर लिहून घ्यावी. चौथे, कपडा घालून पाहायला दार लागणारी, आरसा असलेली जागा मागावी. ग्राहकाच्या हक्कांचा कायदा 1986 साली झाला आणि 2019 साली नवा आला. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून याच कामात आहे. एकटीची तक्रार कुरकूर ठरते. पन्नास जणींची तक्रार दुकानदार ऐकतो आणि पुढे कारखानदाराला ऐकवतो.

आणि पाचवे, जे सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या मुलीला कपडा झाला नाही, तर ‘तू जाड झालीस’ हे वाक्य आपण तोंडातून काढू नये. आधी टेप काढावा. दहांतल्या किती वेळा दोष चिठ्ठीचा निघतो, ते ज्याने त्याने मोजून पाहावे.

आमच्या भाचीच्या त्या गणवेशाचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून आपण राहणार नाही. गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे तो नेला. त्यांनी शिवण उसवली, आत माया नाही म्हणून कारखानदाराला दोन शब्द ऐकवले, आणि काखेखाली पांढऱ्या कापडाची पट्टी जोडून दिली. मुलीने तो घातला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि हसली. त्या रात्री तिने ताटातली भाकरी संपवली आणि आणखी अर्धी मागून घेतली.

ती अर्धी भाकरी कोणा मुलीच्या ताटातून पुन्हा जाऊ नये, एवढ्यासाठी हा विषय आम्ही या व्यासपीठावर आणला.