द्राक्षवेलीचीं उसनीं मुळें



श्रीगोंद्याच्या बागेंत मांडवाखालीं शिरणाऱ्याची दृष्टि घडांवर खिळते. पण खोडापाशीं वाकून पाहिलें, तर जमिनीपासून थोड्या उंचीवर एक गांठ दिसते. गांठीच्या वर थॉम्पसन सीडलेस. खालीं अमेरिकेंतील एका रानवेलीची जात, डॉगरिज.

टेक्सास प्रांतांतील चुनखडीच्या रानांत वाढणाऱ्या वेलींतून टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञानें हिची निवड केली. एकोणिसाव्या शतकांत फायलोक्झेरा नांवाच्या किडीनें फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचीं मुळें पोखरलीं, तेव्हां अशाच अमेरिकन खुंटांनीं ते तारले. अहिल्यानगर जिल्ह्यांत खुंटाचें प्रयोजन निराळें आहे. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेंत येतो. उन्हाळ्यांत विहिरी आटतात, आणि कालव्याखालच्या कांहीं जमिनींत क्षार वर येतात. स्वतःच्या मुळांवरील थॉम्पसनला हें सोसत नाहीं. तिच्या पानांच्या कडा करपतात. डॉगरिज मात्र अवर्षणास, क्षारास आणि मुळांवरील सूत्रकृमींस पुष्कळ दाद देत नाहीं.

तिची काडी सहज मुळें धरीत नाहीं, म्हणून तयार रोप लावावें लागतें. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत त्यावर पाचर कलम करतात. कलमाचा सांधा मातीखालीं जाऊं देऊं नये. गेल्यास वरची जात स्वतःचीं मुळें सोडते आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो.

परंतु डॉगरिजचा गुण तोच तिचा दोष. तिचा जोम अनावर आहे. भारी काळ्या जमिनींत पाणी आणि नत्र सढळ मिळालें, कीं वेल पानांनींच माजते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरील डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात, आणि त्यांना ऊन हवें असतें. दाट पाल्याच्या सावलींत डोळे वांझ राहतात. म्हणून अशा जमिनींत नत्र व पाणी आवरावें, फुटवे विरळ करावे, अथवा त्या मानानें सौम्य असा 110 आर हा खुंट विचारांत घ्यावा. पुण्याजवळील मांजरी येथें द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे; त्याचा सल्ला घेण्यांत कमीपणा नाहीं.

वरची जात नापसंत ठरली, तर त्याच खोडावर दुसरें कलम बांधतां येतें. खुंट चुकला, तर बाग उपटण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून शेजाऱ्याची बाग पाहून खुंट ठरवूं नये. लागवडीपूर्वीं आपल्या शेताची माती व विहिरीचें पाणी तपासून घ्यावें. पुढील अनेक वर्षांचें पीक या एका निवडीवर उभें राहतें.