थंडीतील रूळ
निफाड तालुक्याची थंडी मशहूर आहे. परंतु लासलगावचा कांदा ज्या अखंड सांधलेल्या रुळांवरून रवाना होतो, ते रूळ गारठ्याने आकुंचन पावू पाहतात आणि स्लीपरांना जखडलेले असल्यामुळे पावू शकत नाहीत, म्हणून तपमानाच्या दर अंशाच्या घसरणीगणिक त्यांच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरावर सुमारे अडीच न्यूटन ताण चढतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पोलाद तो सोसेल किंवा कसे, याचा निवाडा नमुन्याची कांडी यंत्राच्या जबड्यांत धरून, ती तुटेपर्यंत ओढून होतो. आरंभी भार काढताच ती पूर्ववत होते. पुढे मात्र कायमची लांबते. 880 प्रतीच्या रुळाने चौरस मिलिमीटरास किमान 880 न्यूटन सोसावेत आणि तुटण्यापूर्वी 10 टक्के लांबावे, अशी शर्त असते. यांतली दुसरी, आमच्या मते, अधिक महत्त्वाची, कारण ठिसूळ पोलाद इशारा न देता भंगते.